आवाज बसलाय तो उठेचना! सांगली-मिरजेत नेमकं कुणाला दाखवायचं?

चौथीच्या_बाई

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात जि. प. शाळेत शिकवते. वर्ग चौथीचा, पण तिसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर असल्यानं तिसरीही माझ्याच पदरात. खोली पत्र्याची, पलीकडे डांबरी रस्ता, आणि उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवाले कसली गाणी लावून जातात ते तुम्हाला माहीतच आहे. दिवाळीनंतर आवाज बसला तो बसलाच. सकाळी परिपाठाला बरा असतो, मधल्या सुट्टीपर्यंत घोगरा होतो, आणि संध्याकाळी तर फोनवर पालक म्हणतात, "सर, जरा बाईंना द्या की."

सांगलीत एका ईएनटी डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून बघितलं. दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक गाठी आहेत म्हणाले, नोड्यूल्स. ऑपरेशन करून टाकू, दोन दिवसांचं काम. नात्यातले एक डॉक्टर म्हणतात घाई करू नका, आधी स्पीच थेरपी. सासूबाई म्हणतात बाई, घशाला सुरी लावलीस तर होता तोही आवाज जाईल. आणि नवरा म्हणतो बदली माग (जणू बदली मेडिकलमध्ये मिळते).

तर प्रश्न असे. फक्त आवाजाचे डॉक्टर असा काही प्रकार असतो का? आपल्याकडे आहेत का, की पुणं गाठायलाच लागतं? थेरपीनं गाठी खरंच जातात का? अनुभव असेल त्यांनी लिहा.

भडंगवाला

बाई, ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरा, रात्री हळद-मिठाच्या गुळण्या. आमच्या आजीनं आयुष्यभर हेच केलं, नव्वदाव्या वर्षी पण गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची. सांगलीची हळद आहे, जगात भारी.

हळद_सौदा

आजीचा आवाज आजीचा होता ओ, हळदीचा काय संबंध. मी मार्केट यार्डात रोज हळदीच्या धुरळ्यातच असतो, सौदे पुकारतो. माझा आवाज वर्ष झालं फाटलाय. दुखत बिखत काही नाही म्हणून सोडून दिलंय. बाईंच्या निमित्तानं वाचतोय, लिहा कुणीतरी नीट.

स्वर_वाचा

ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे, मिरजेत काम करते. लांब लिहितेय, सवडीनं वाचा.

पहिल्यांदा गाठींबद्दल. बोलताना बायकांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर येऊन आदळतात, पुरुषांचे शंभर-सव्वाशे वेळा. हे सहज बोलताना. गोंगाटात ओरडून बोललं की आदळणं जोरात होतं, आणि तंतूंचा पुढचा तिसरा हिस्सा जिथं संपतो तिथं मार सगळ्यात जास्त बसतो. नोड्यूल्स येतात ते तिथंच, दोन्ही बाजूंना, समोरासमोर. खुरपं धरून हाताला घट्टे पडतात तसलाच प्रकार. घट्टा कापून काढला आणि खुरपं पुन्हा तसंच धरलं तर तो परत येणार. म्हणून खऱ्या नोड्यूल्सना पहिला उपचार थेरपी. नीट थेरपी करूनही फरक पडला नाही, तरच ऑपरेशनचा विचार. तुमच्या नात्यातल्या डॉक्टरांचं बरोबर आहे.

पण "खऱ्या" म्हणाले ते मुद्दाम. एका बाजूला सिस्ट, म्हणजे तंतूच्या आत बंद पिशवीसारखी गाठ असते आणि समोरच्या तंतूवर तिच्या घर्षणानं सूज येते, तेव्हा साध्या दुर्बिणीतून ते हुबेहूब नोड्यूल्ससारखं दिसतं. सिस्ट थेरपीनं जात नाही. फरक कळायला स्ट्रोबोस्कोपी करतात. तंतू इतक्या वेगानं हलतात की डोळ्याला नुसतं धूसर दिसतं, म्हणून आवाजाच्या वेगापेक्षा किंचित वेगळ्या वेगानं लुकलुकणारा दिवा वापरतात. मग पडद्यावर तंतू सावकाश लाटेसारखे हलताना दिसतात, आणि लाट कुठं अडखळते तेही दिसतं. ऑपरेशनला हो म्हणायच्या आधी विचारा, "स्ट्रोब केलंय का? व्हिडिओ मिळेल का?" पेनड्राइव्हवर व्हिडिओ घेऊन ठेवा, पुढं दुसऱ्या कुणाला दाखवायला उपयोगी पडतो.

आवाजाचे डॉक्टर असतात. ईएनटी झाल्यावर आवाज, गिळणं आणि श्वासाची वाट या तीन गोष्टींचं वेगळं शिक्षण घेतात, त्यांना लॅरिंगोलॉजिस्ट म्हणतात. ही मंडळी जास्त करून मोठ्या शहरांत. आपल्या बाजूचे लोक बहुतेक पुण्याला जातात. पण पहिल्या तपासणीसाठी पुण्याला पळायची गरज नाही. सांगली-मिरजेत दुर्बीण असलेले ईएनटी भरपूर आहेत.

आता थेरपीत काय करतात ते एकच उदाहरण सांगते, म्हणजे "नुसतं बोलायला लावतात आणि पैसे घेतात" हा गैरसमज जाईल. ग्लासात चार बोटं पाणी घ्यायचं. त्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवायची. गाल ढिले सोडून स्ट्रॉमधून "ऊऽऽ" असा आवाज काढत बुडबुडे काढायचे. नुसती फुंकर नको, आवाज पाहिजे. बुडबुडे एकसारखे यायला हवेत, आणि कंप घशात न जाणवता ओठांभोवती, नाकाच्या बाजूला जाणवायला हवा. तोंडाकडून उलटा दाब आल्यानं तंतू हलक्या हातानं जवळ येतात, धडकत नाहीत. मग तोच हलकेपणा "ऊ" वरून "मामा", "मीना", मग वाक्य, मग वर्गातली हजेरी असा पुढं न्यायचा. खरी मेहनत या शेवटच्या पायरीवर असते. क्लिनिकमध्ये सगळ्यांचा आवाज गोड येतो. वर्गात पोरं दंगा करायला लागली की मूळ सवय परत उफाळते.

भडंगवाला

आणि माझ्या गुळण्या?

स्वर_वाचा

दादा, गुळणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही. पोचली तर तुम्हाला असा ठसका लागेल की पुन्हा गुळणीचं नाव काढणार नाही. तंतू श्वासनलिकेच्या तोंडावर असतात, खाल्लेलं-प्यालेलं तिथून जायचंच नसतं. ज्येष्ठमधानं लाळ सुटते, बरं वाटतं, इतकंच. वाफ मात्र श्वासाबरोबर जाते, साध्या पाण्याची घ्यायला हरकत नाही. त्यात बाम-बीम टाकू नका.

हळद_सौदा

गुळणीचा विषय मिटला. भडंगवाल्यांनी आता भडंग पाठवावेत, जास्त मिरची घालून.

तंबोरा

मिरजेत राहून या धाग्यावर लिहिलं नाही तर पाप लागेल. अब्दुल करीम खाँसाहेब राहिले ते हे गाव, आजही दर्ग्यात उरसाला गाणं होतं, आणि तंबोरे-सतारी बनवणारी गल्ली जगात माहीत आहे. पण इथं तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांना झंकार देणारी घोडीवरची जागा, बिघडली तर माणूस त्याच दिवशी कारागिराकडं जातो. गळा बिघडला तर सहा महिने काढे.

गाणाऱ्यांसाठी एक गंमत. जिवंत माणसाचे स्वरतंतू आवाज काढताना कसे दिसतात हे नीट पाहून मांडलं ते एका गायन-शिक्षकानं, डॉक्टरनं नव्हे. मॅन्युएल गार्सिया. १८५४ मध्ये दाताच्या डॉक्टरचा लांब दांड्याचा आरसा घशात, दुसरा आरसा हातात आणि उजेडाला सूर्य. स्वतःचेच तंतू बघितले. गृहस्थ वयाच्या १०१ व्या वर्षापर्यंत जगले.

माझा स्वतःचा प्रश्न. भाचा एकोणीस वर्षांचा, दाढी-मिशी आली, आवाज अजून बारीकच. फोनवर "ताई" म्हणतात. कॉलेजात बोलायचंच बंद केलंय पोरानं. याला काही उपाय?

स्वर_वाचा

आहे, आणि बहुतेक वेळा अगदी समाधानकारक. वयात येताना स्वरयंत्र वाढतं, पण लहानपणीची उंच स्वराची सवय सुटत नाही. आधी ईएनटीकडून स्वरयंत्र आणि वाढीचं बाकी सगळं ठीक असल्याची खात्री करा, मग थेरपी. पुष्कळ मुलांचा खालचा आवाज पहिल्या काही बैठकांतच सापडतो, पण तो आपला म्हणून वापरायची लाज जायला वेळ लागतो. घरच्यांनी "अरे वा, पुरुषी आवाज!" असलं काही म्हणायचं नाही. थेरपीनं नाहीच जमलं तर ऑपरेशनही आहे. जपानच्या इशिकी यांनी १९७० च्या दशकात स्वरयंत्राच्या कुर्चेवर करायच्या शस्त्रक्रियांचे चार प्रकार बसवले, त्यातला तिसरा तंतूंचा ताण कमी करून आवाज खाली आणतो.

मिरजेचा_डॉक

ईएनटी आहे, नाव-गाव विचारू नका. स्वर_वाचा ताईंनी बरंच लिहिलंय, मी फक्त भीती घालायला आलोय.

@हळद_सौदा, वर्षभर आवाज फाटलाय आणि दुखत नाही म्हणून सोडून दिलंय, हे वाचून मी चहा खाली ठेवला. सर्दी-खोकल्यात आवाज बसला तर आठवडा-दोन आठवड्यांत सुटतो. तीन आठवड्यांच्या पुढं गेला तर कुणीतरी तंतू बघितलेच पाहिजेत. तंबाखू, मशेरी, विडी, गुटखा यातलं काही असेल तर तेवढंही थांबायचं नाही. स्वरतंतूंचा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही, फक्त आवाज बदलतो. हे एका अर्थानं नशीबच, कारण तो लवकर बोलून दाखवतो. तंतूंपुरता आहे तोवर लेसर किंवा रेडिएशननं नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक त्यातून बाहेर पडतात, आणि बोलतातही. उशीर झाला की अख्खं स्वरयंत्र काढायची वेळ येते.

दुसरं. डाव्या तंतूला हलवणारी नस सरळ येत नाही. मानेतून खाली छातीत उतरते, हृदयाच्या मोठ्या धमनीला वळसा घालते आणि परत वर येते. त्यामुळे छातीतल्या गाठीनं, वाढलेल्या ग्रंथींनी सुद्धा आवाज जाऊ शकतो. तंतू हलत नाही असं दिसलं की आम्ही छातीचा फोटो, बहुतेक वेळा सीटी मागतो. तेव्हा पेशंट म्हणतो, "डॉक्टर, घसा दाखवायला आलोय, छातीचं काय काढलंत?" त्याचं उत्तर हे. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आवाज बदलला तर तेही या नसेचंच काम असू शकतं.

तिसरं, आणि यावर माझ्याच भाऊबंदांशी माझं भांडण आहे. घसा खवखवतो, आवाज बसतो, की न बघताच "ॲसिडिटी वर येते" म्हणून गोळ्या. काहींना त्रास खरंच त्याचा असतो. पण ब्रिटनमध्ये घशाच्या जुनाट तक्रारींवर या गोळ्या आणि खोट्या गोळ्या असं ताडून बघितलं, २०२१ मध्ये निकाल आला. दोन्हीकडं फरक सारखाच. आधी दुर्बीण, मग औषध.

हळद_सौदा

डॉक्टर, तंबाखू आहे. थोडी. बघतो.

मिरजेचा_डॉक

"थोडी" आम्ही केसपेपरवर दुप्पट करून लिहितो. बघतो नको. सोमवारी सिव्हिलला ओपीडी असते, पद्माळ्याचा असाल नाहीतर पलूसचा, सकाळी लवकर या. नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घालतात, आधी नाकात बधिर करायचं औषध मारतात. थोडं कडू लागतं, डोळ्यातून पाणी येतं, काही मिनिटांत संपतं.

कराडची_सून

धागा आवाजाचा आहे, पण शीर्षकात "कुणाला दाखवायचं" आहे म्हणून लिहिते. सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू हलायला लागले, घरी सोडलं. पण घरी आल्यापासून पाणी पिलं की खोकला, आवाज ओला-ओला, गुळगुळीत यायचा. भात-आमटी निम्मी ताटात. सगळे म्हणायचे अशक्तपणा आहे, पाजा भरपूर पाणी. आम्ही पाजायचो! मग ताप, छातीत न्यूमोनिया, परत ॲडमिट. बरा झाला, घरी आणलं, परत तेच. तिसऱ्या खेपेला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांचं गिळणं कुणी तपासलंय का?" कुणीच नव्हतं.

नाकातून दुर्बीण घालून, हिरवा रंग टाकलेलं पाणी चमच्यानं दिलं. पडद्यावर मी स्वतः बघितलं, हिरवं पाणी गिळायच्या आधीच तंतूंच्या मधून खाली गेलं आणि सासरे खोकलेसुद्धा नाहीत. शांत बसलेले. मला घाम फुटला.

स्वर_वाचा

वहिनी, फार बरं केलंत लिहिलंत. हा आमच्या कामाचा निम्मा भाग आहे आणि लोकांना तोच माहीत नसतो. झटक्यानंतर सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळायला अडचण असते. तुम्ही जे बघितलं त्याला न खोकता होणारं ॲस्पिरेशन म्हणतात, म्हणजे खाल्लेलं-प्यालेलं श्वासनलिकेत जाणं. वाईट यासाठी की बाहेरून काही कळतच नाही. खोकला येतो तो बरा म्हणायचा.

धाग्यावरच्या सगळ्यांसाठी. पातळ पाणी सगळ्यात अवघड असतं, कारण ते घरंगळत जातं आणि घशाला तयारीला वेळ मिळत नाही. म्हणून पुष्कळांना घट्ट द्यायला सांगतो. नाचणीची आंबील, घट्ट पेज, घोटलेलं वरण. पण किती घट्ट ते तपासून ठरतं, फार घट्ट केलं तर ते घशातच साचून राहतं. रुग्णाला उठवून ताठ बसवायचं, झोपवून कधीच भरवायचं नाही. चहाचा छोटा चमचा, एक घोट गिळून झाल्याशिवाय दुसरा नाही. टीव्ही बंद. जेवल्यावर अर्धा तास बसूनच राहायचं. आणि दात, जीभ, कवळी रोज दोन वेळा स्वच्छ. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुफ्फुसात जातात, न्यूमोनियाचं मोठं कारण तेच. "हनुवटी छातीला टेकवून गिळा" असं व्हिडिओवर बघून करू नका, काहींना त्यानं फायदा होतो, काहींना उलटं होतं.

कराडची_सून

आता बरे आहेत. जेवण द्यायला नाकातून घातलेली नळी काढली. पिठलं मागतात.

वाळव्याचा_पाव्हणा

माझ्या चुलतभावाचं सांगतो. द्राक्षबागेत फवारणी करताना औषध अंगावर उडालं, वाऱ्याच्या उलट्या दिशेला उभा होता, तोंडाला काही बांधलेलं नव्हतं. बेशुद्ध. व्हेंटिलेटरवर बरेच दिवस. वाचला, गावानं पेढे वाटले. महिन्याभरानं जिना चढताना धाप लागायला लागली. मग चालताना. रात्री श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, शेजारच्या खोलीत ऐकू यायचा. एका डॉक्टरांनी दमा सांगितला, पंप दिला. पंपाचा काडीचा फरक नाही. दुसऱ्यांनी पंप बदलला. शेवटी त्याचे ओठ निळे पडायला लागले तेव्हा मिरजेला नेलं, तिथं मानेचा सीटी काढला. श्वासनलिका एका जागी आकसून पेन्सिलीएवढी राहिलेली. व्हेंटिलेटरच्या नळीनं आतून जखम झाली आणि ती भरताना आवळली म्हणे.

तातडीनं गळ्याला भोक पाडून नळी बसवली. तिथून पुढं पुण्याला. आधी फुग्यानं रुंद केली, परत आवळली. मग आवळलेला तुकडा कापून दोन टोकं जोडली. आता बागेत जातो. फवारणी करत नाही.

मिरजेचा_डॉक

हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, आपल्या भागात विषबाधेचे आणि अपघाताचे रुग्ण व्हेंटिलेटरवर जातात, वाचतात, आणि मग असे परत येतात. कोविडनंतरही खूप आले. व्हेंटिलेटरवर राहून घरी गेलेल्या माणसाला पुढच्या काही आठवड्यांत धाप लागायला लागली, आणि श्वास आत घेताना आवाज येत असेल, तर दमा म्हणायच्या आधी श्वासनलिका बघा. दम्याची शिट्टी बहुतेक श्वास सोडताना, छातीत. ही आत घेताना, गळ्यात. घरच्यांना कान देऊन ऐकलं तर कळतं.

व्हेंटिलेटरच्या नळीच्या टोकाला फुगा असतो, त्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवायचा असतो. जास्त झाला की आतल्या त्वचेचा रक्तपुरवठा बंद. मोजायचं छोटं यंत्र मिळतं. सगळीकडं वापरतात असं मी म्हणणार नाही.

आणि आलोच आहे तर शेंगदाणे. तासगाव, जत, माण, खटाव, सगळीकडं सुगीला पोरं शेंगा खात रानात हुंदडतात. चार वर्षांच्या आतल्या पोराला अख्खा शेंगदाणा देऊ नका. नीट चावता येत नाही, हसता-रडताना तो श्वासनलिकेत जातो. एक्स-रेत शेंगदाणा दिसत नाही. एकदम ठसका, मग थोडा वेळ शांत, मग न थांबणारा खोकला, एका बाजूला श्वास कमी. "मघाशी काहीतरी खात होता" एवढं डॉक्टरला सांगितलंत तरी निम्मं निदान होतं. आणि तोंडात आंधळेपणानं बोट घालून काढायला जाऊ नका, आणखी आत जातो.

पुणेकर_झालेला_सांगलीकर

वाचून काढला सगळा धागा. माझं मत, थेट पुण्याला जा, कोयना एक्स्प्रेसनं या, वेळ वाया घालवू नका. सांगलीत काय आहे?

तंबोरा

मिरजेत वॉनलेस या मिशनरी डॉक्टरसाहेबांनी १८९४ साली दवाखाना काढला तेव्हा लोक लांबून बैलगाडीनं इथं यायचे. आता तुम्ही आम्हाला कोयनेची वेळ सांगणार?

स्वर_वाचा

भांडू नका हो. पहिली दुर्बीण इथं, थेरपी इथं. थेरपीला आठवड्याला यायला लागतं, पुण्याचं जमणार आहे का शाळेतल्या बाईंना? पुणं कधी? स्ट्रोबमध्ये सिस्ट निघाली, लकवा मारलेल्या तंतूला आधार द्यायचा आहे, श्वासनलिका आवळलीय, किंवा आवाज बोलताना तुटक-तुटक पिळल्यासारखा येतोय आणि बोटॉक्सचं इंजेक्शन लागेल अशी शंका आहे. अशा कामाला रोज तेच करणारा हात पाहिजे. थेरपिस्टकडं जाताना एक विचारा, पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक आहे का. असतो, भिंतीवर लावलेला असायला हवा. दहा दिवसांचा कोर्स करून बोर्ड लावलेले पण फिरतात.

चौथीच्या_बाई

सगळ्यांचे आभार. जाऊन आले. स्ट्रोब केलं, दोन्हीकडं नोड्यूल्सच आहेत, सिस्ट नाही. ऑपरेशन तूर्त रद्द. थेरपी सुरू केलीय. बुडबुड्यांचा प्रकार घरी केला तेव्हा धाकट्याला इतका आवडला की माझ्या आधी त्याचाच नंबर लागतो.

एक शंका. आवाज वाचवायला मी दोन दिवस वर्गात कुजबुजत शिकवलं. घसा आणखीच दुखला. असं का?

स्वर_वाचा

कुजबुजताना तंतू पूर्ण मिटत नाहीत, हवा वाया जाते, आणि ऐकू जावं म्हणून आपण वरचे स्नायू आवळतो. पुष्कळांना त्यानं जास्त त्रास होतो. बोलायचं तर हळू, पण खऱ्या आवाजात. आणि कमरेला बांधायचा छोटा स्पीकर-माइक घ्या. थट्टा वाटते, पण अमेरिकेत शिक्षकांवर २००२ मध्ये तपासून बघितलं होतं. माइक वापरणाऱ्यांचा आवाज सुधारला. नुसतं "पाणी प्या, ओरडू नका" एवढ्या उपदेशावर सोडलेल्यांना तसा फायदा झाला नाही. गोंगाटात माणूस आपोआपच आवाज चढवतो, ते ठरवून थांबत नाही. त्यापेक्षा माइकला चढू द्या. खिडक्या ट्रॅक्टर जाईपर्यंत बंद, मुलांना जवळ अर्धगोलात बसवा, आणि "गप्प बसा" साठी घंटा किंवा टाळी.

चौथीच्या_बाई

माइक घेतला. पहिल्या दिवशी पोरांनी विचारलं, "बाई, आज कीर्तन आहे का?" मुख्याध्यापक म्हणाले परिपाठाला पण हाच वापरू. देणार नाही म्हटलं.

हळद_सौदा

मी पण जाऊन आलो. डॉक्टर, तुमच्या बोलण्यानं झोप उडाली होती तीन रात्री. एका बाजूला पॉलिप आहे, जांभळट, द्राक्षासारखा लोंबतोय, फोटो दाखवला. कॅन्सरची शंका यावी असा पांढरा चट्टा नाही म्हणाले, पण काढून तपासायला पाठवणार. थेरपीनं हा जात नाही, ऑपरेशनच करायचं आहे आणि नंतर थेरपी. तंबाखू बंद करायला सांगितलीय. चार दिवस झाले, दिवस कसे जातात ते यार्डातल्या लोकांना विचारा. ऑपरेशननंतर काही दिवस तोंड एकदम बंद ठेवायचं म्हणे. सौदे कोण पुकारणार? धाकट्याला तयार करतोय.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसेल का हे कुणाला माहीत आहे?

मिरजेचा_डॉक

पॉलिप आहे हे बरंच झालं, तपासणीचा रिपोर्ट मात्र आठवणीनं घ्या आणि जपून ठेवा. योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आता सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे. योजनेतल्या दवाखान्यात दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि दुर्बिणीचा रिपोर्ट घेऊन तिथं जा, तुमचं ऑपरेशन यादीत आणि त्या दवाखान्याला मंजूर आहे का ते तो संगणकावर बघून सांगेल. ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आजच घरी बघा, निम्मी मंडळी तिथंच अडकतात.

हळद_सौदा

बघितलं. रेशनकार्डावर वडिलांचं नाव चुकलंय. उद्या तहसीलला.